पालथ्या ताईला सांगितलेला सिनेमा

खुनाच्या सिनेमाइतका निर्बुद्ध प्रकार माणसाने दुसरा काढला नसेल, असं माझं मत होतं आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे. हे मत हवेतून आलेलं नाही. रायपूरच्या कोर्टात मी एकतीस वर्षं साक्षी टाइप केल्या आणि त्यांत खुनाच्या खटल्यांचा वाटा मोठा होता. खरे खुनी मी चार हातांच्या अंतरावरून पाहिले आहेत. त्यांच्यात पाहण्यासारखं काही नसतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण झालेलं असतं, पोटात दारू असते, हाताशी कुऱ्हाड असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच ठाण्याच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि रडतो. पोलिसांना कोड्यात चिठ्ठ्या पाठवणं सोडाच, त्याला सही येत नाही, अंगठा उठवतो. मग साक्षीदार उलटतात, तारखा पडतात, आणि निकाल लागेपर्यंत दोन्हीकडची माणसं म्हातारी होतात. यावर तिकीट लावलं तर कुत्रंही फिरकणार नाही.

सिनेमातला सिरियल किलर मात्र भलताच उद्योगी. त्याला नोकरीची वेळ नसते, घरी कोणी वाट पाहत नसतं. रोज रात्री भर पावसात टोपीचा रेनकोट घालून उभा राहतो, पण त्याला एकदाही शिंक येत नाही. त्याला रसायनं कळतात, कुलपं कळतात, जुन्या ग्रंथांतले श्लोक पाठ असतात, आणि एवढी अक्कल असून धंदा काय, तर खून. त्याच्या घरात एक भिंत असते, त्या भिंतीवर फोटो लावून तो ते लाल दोऱ्याने एकमेकांना जोडतो. एवढा दोरा तो आणतो कुठून आणि गुंता कसा होऊ देत नाही, हे माझ्या ताईलाही कधी कळलं नाही. आणि तिचा तर जन्म दोऱ्यातच गेला.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. पंडरीच्या कापड बाजारात एका घाऊक दुकानाच्या जिन्याखाली ती साड्यांना पिको-फॉल करून द्यायची. पिको मशीनवर, फॉल हाताने. जिन्याखालच्या त्या खोपटात एक जुना टीव्ही होता आणि तो सकाळपासून चालू असायचा. मान खाली, सुई चालू, कान टीव्हीकडे. तिला सासू-सुनांच्या मालिका चालत नसत. गाणी चालत नसत. तिला लागायचे ते हे खुनाचे सिनेमे, आणि त्यातही दक्षिणेकडून हिंदीत डब होऊन आलेले, ज्यांत ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच बोलतो. असा सिनेमा लागला की फॉल दुप्पट वेगाने लागतो, असं ती सांगायची.

मेहुणे गेल्यापासून ती समता कॉलोनीतल्या आमच्या घरी राहते. तिची मुलगी नव्या रायपूरला नोकरी करते आणि तिकडेच राहते. माझी बायको गेली तेव्हा मी वरच्या खोलीत सामान हलवलं आणि खालचं घर ताईकडे दिलं. जेवायला मी खाली येतो. जेवताना तिचा सिनेमा चालू असला की मी एक खेळ खेळायचो. पहिल्या दहा मिनिटांत खुनी कोण ते मोठ्याने जाहीर करायचं आणि भात कालवायचा. माझं सहसा चुकत नसे. यात माझी हुशारी काही नव्हती. नायक पोलीस असतो, त्याची बायको मेलेली असते आणि तो दाढी करत नाही. त्याच्याभोवती पाच माणसं असतात. चौघं संशयास्पद वागतात, म्हणजे ते नव्हेत. उरला तो. हे पोरालाही कळेल, पण बनवणाऱ्यांना वाटतं आपण कोडं घातलं. ताई चिडायची. म्हणायची, तुले मजा घेता येत नाही तर दुसऱ्याची तरी काहून खराब करतो. मी म्हणायचो, ज्यात मजाच नाही ती खराब कशी होणार.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी असंच जेवताना बोलता बोलता मी गप्प झालो होतो. छातीत दुखत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. ताईची पाठ माझ्याकडे होती, ती पोळ्या करत होती. मी गप्प झालो एवढ्यावरून तिला कळलं. तिनेच ऑटो आणला, तिनेच मला दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात. तेव्हापासून घरात मी फार वेळ बोललो नाही की ती कुठूनही हाक मारायची. मला त्याचा राग यायचा.

मग तिच्या डोळ्याचं निघालं. उजवा डोळा काचबिंदूने दहा वर्षांपूर्वीच गेला होता. सगळी भिस्त डाव्यावर. एक दिवस ती घरी साडी घेऊन आली आणि रात्रीपर्यंत त्याच साडीचा फॉल तीनदा उसवून तीनदा लावला. तिला तो वाकडा दिसत होता. तिने आधी आपल्या हाताला दोष दिला, मग सुईला, मग दुकानदाराने कापड आडवं फाडलं म्हणून त्याला. मी पाहिलं तर फॉल पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. मी तिची चेष्टा केली. म्हटलं, ताई, आता तुझं वय झालं. आठवड्याने ती म्हणाली की काठ मधूनच पुसल्यासारखा दिसतो, आणि माझ्याकडे पाहिलं तर माझं नाकच दिसत नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्याला अगदी मधोमध छिद्र पडलं आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि ती झाली की खरं काम रोग्याचं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून डोळ्याची मागची बाजू वर हवी, म्हणजे तोंड जमिनीकडे. असं पालथं पडून राहिलं तर बुडबुडा त्या छिद्रावर दाबून बसतो आणि छिद्र मिटण्याची आशा असते. सात दिवस. तासातली दहा मिनिटं जेवण आणि बाकीच्या गोष्टींना, तेव्हाही मान खालीच. मिटलं तर ताई पुन्हा सुई ओवणार, नाही मिटलं तर कडेकडेचं दिसेल आणि मधलं जाईल. फॉलचं काम मधल्या दिसण्याचं असतं.

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. भाचीने शनिवार-रविवार राहून सगळी व्यवस्था लावली. पलंगाच्या कडेला उशी अशी बांधली की ताईचं कपाळ टेकावं आणि नाक मोकळं राहावं. खाली पाट, पाटावर वाटी. ताईच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा नावापुरता, म्हणजे दिसत काहीच नव्हतं. जिने उभ्या आयुष्यात दुपारी पाठ टेकली नाही ती बाई आता पोटावर पडली होती. दर पाच मिनिटांनी डोकं उचलायची. दूध उतू गेलं का, दारावर कोण आलं, फोन कोणाचा. भाची हिंदीत रागवायची, मी मराठीत. दोन्ही भाषा पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भाचीने युक्ती काढली. तिने टीव्हीवर एक नवा सिनेमा लावून ठेवला आणि सोमवारी सकाळी निघताना मला म्हणाली, "मामा, आप सुना दो ना. मम्मी सुनते-सुनते लेटी रहेंगी."

आवाज तर ताईला ऐकू येतच होता, मग ऐकवायचं काय, असं मला वाटलं. पण या सिनेमांची एक रीत आहे. महत्त्वाचं काही घडायचं असलं की कोणी बोलत नाही. पाऊस पडतो, तबकडीवर नखं घासल्यासारखं संगीत वाजतं, आणि कोणीतरी जिना उतरतं. जिना उतरतोय कोण, हे पलंगावर पालथ्या पडलेल्या बाईला कसं कळावं? म्हणजे ज्या गोष्टीला मी तीस वर्षं नाकं मुरडली ती गोष्ट आता मी शब्दाशब्दाने सांगायची होती, तेही ताईच्या डोळ्यासाठी, तिच्या उशाशी बसून. सिनेमा पुरवून पुरवून रोज दुपारी थोडा थोडा सांगायला मी कबूल झालो, कारण दुसरा इलाज नव्हता. ताईने अट घातली की खुनी आधी सांगायचा नाही. मी दहा मिनिटांत सांगून टाकला.

तो सिनेमा काय वर्णावा? त्यातला खुनी प्रत्येक मुडद्याच्या तोंडात लुडोची सोंगटी ठेवून जातो. पहिल्याच्या तोंडात लाल निघाली तेव्हा पोलिसांचा अख्खा ताफा विचारात पडला की याचा अर्थ काय असेल. ताई उशीतून म्हणाली, चार रंग हायेत, चार मुडदे पडतील, दोन पडले का इंटरव्हल. पलंगावर पालथ्या पडलेल्या शिंपिणीला जे कळलं ते त्या ताफ्याला सव्वा तास कळत नव्हतं. मुडदे तपासणारा डॉक्टर तर असा, की प्रेताच्या शेजारी उभा राहून समोसा खातो. तो खुनी, हे मी तिथेच जाहीर केलं. इतका खुळा डॉक्टर उगाच कोणी दाखवत नाही. ताईने कपाळ उशीवर आपटलं आणि मी घाबरून दिलगिरी व्यक्त केली.

पहिल्या दिवशी मी माझ्या सवयीने सांगत होतो. सवय कोर्टाची. एक इसम, वय अंदाजे चाळीस, रेनकोट परिधान केलेला, पूर्वेकडील दाराने आत आला. त्याच्या उजव्या हातात धारदार हत्यार होतं. सदर महिला त्या वेळी स्वयंपाकघरात होती. दुसरा खून तर मी एका वाक्यात उरकला. ताई काही वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली की तू पिच्चर सांगून राहिला का पंचनामा वाचून राहिला. तिला हवं होतं ते मला दिसतच नव्हतं. बाईने साडी कोणती नेसली, काठ कसा आहे, पाऊस टिपटिप आहे की सरींचा, खिडकीची कडी लावली होती का, तो येताना चप्पल काढून आला का. मी म्हटलं खुनी चप्पल काढत नसतो. ती म्हणाली, तू पाह्य तर. मी पाहिलं. त्याने काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी जरा बरं सांगितलं. आजूबाजूच्या गोष्टी सांगायला लागलो तेव्हा लक्षात आलं की त्या मूर्ख सिनेमात गोष्टी ठेवलेल्या आहेत, अगदीच फेकलेल्या नाहीत. अर्थात त्यामुळे तो शहाणा होत नव्हता. नायक तर रडतानाही कपाळावरची बट सरळ करत होता. मध्येच कारण नसताना एक गाणं आलं, ते आम्ही दोघांनी पुढे ढकललं. मग ताईने विचारलं की तो चहा आणून देणारा हवालदार दिसायला कसा आहे. मी म्हटलं, त्याला अख्ख्या सिनेमात दोन वाक्यं आहेत, तू त्याच्या नादी लागू नकोस. ती म्हणाली, त्याले कोणीच रागावत नाही ना, म्हणून इचारलं.

त्या दुपारी दहा मिनिटांची सुट्टी झाली तेव्हा मी तिला बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात आणि चटणी पाटावर दिली. खाली मान घालून ती एकेक घास तोंडात घालत होती, आणि मला ते पाहवत नव्हतं म्हणून मी चिडून विचारलं की या भिकार सिनेमांत तुला सापडतं तरी काय. मी अनेकदा विचारलेला प्रश्न होता, ती नेहमी हसून टाळायची. या वेळी तिने टाळला नाही. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त आवाज खालून येत होता.

"पिच्चरमध्ये तो सापडते तरी, बाबू."

मेहुण्यांना पहाटे दूध आणायला जाताना एका गाडीने उडवलं होतं. कोणती गाडी, कोण चालवत होतं, कधी कळलं नाही. काही महिन्यांनी पोलिसांनी खात्मा लावला, म्हणजे आरोपी मिळत नाही म्हणून कागद बंद. तो कागद कोर्टात माझ्या टेबलावरून गेला होता. मी त्यावरचा क्रमांक नोंदवला आणि पुढच्या कागदाला हात घातला, कारण कामाची रीतच तशी होती. घरी येऊन ताईला मी सांगितलं की तपास चालू आहे. हे खोटं मी तिला दोन वर्षं सांगत होतो. तिला ते खोटं असल्याचं केव्हा कळलं ते तिने मला सांगितलेलं नाही.

असं असूनही माझा सिनेमाबद्दलचा तिटकारा तसूभर कमी झाला नाही, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. उलट वाढला. माणसाच्या दुःखाला असं स्वस्त औषध विकणं ही लबाडीच आहे. दोन तासांत गुन्हेगार पकडून हातात द्यायचा, वर त्याच्या लहानपणीची करुण कहाणी जोडायची, म्हणजे प्रेक्षक रागावेलही आणि हळहळेलही, आणि घरी जाऊन गाढ झोपेल. हे सगळं मी त्या रात्री अंथरुणात पडून ताईच्या बाजूने मनातल्या मनात बोललो. सकाळी उठल्यावर मात्र मी आंघोळ लवकर उरकली. पुढे काय होतं ते पाहायचं होतं, असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी दोनला शेवटचा भाग सुरू केला. आता मी आवाजही काढत होतो. नायकाचा जाड, बाईचा बारीक. ताई हसत होती, खांदे हलत होते म्हणून कळत होतं. पिवळी सोंगटी निघाली, मग नायकाला एकदाचा अनाथाश्रम आठवला, जळालेली खोली आठवली, चार मुलांनी एका मुलाला खेळातून बाहेर काढल्याचं आठवलं. मी सांगत होतो आणि टोमणे मारत होतो. पडक्या इमारतीत नायक विजेरी घेऊन शिरला. मी म्हटलं, आता डॉक्टर निघेल, हातात समोसा असेल. नायकाने दार ढकललं. आत डॉक्टर खुर्चीत बसलेला होता आणि त्याच्या तोंडात निळी सोंगटी होती.

माझा डॉक्टर मेला होता. मी गप्प झालो.

इतकी वर्षं माझं चुकलं नव्हतं, म्हणून असेल. किंवा ते दृश्यच चांगलं घेतलं असेल, हेही आता लिहून टाकतो. नायकाच्या मागे रेनकोट घातलेला कोणीतरी उभा होता आणि नायकाला ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. संवाद एकही नव्हता. फक्त पाऊस आणि ते नखं घासल्यासारखं वाजणं. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. ताईने हाक मारली असेल, एकदा की दोनदा ते मला सांगता येत नाही. मग माझ्या खांद्याला काहीतरी लागलं, तिथून ते छातीवर आलं आणि चाचपायला लागलं. तो हात होता. मी तो बाजूला केला आणि पडद्यावरची नजर न हलवता म्हणालो, "थांब ना, ताई. एक मिनिट."

ती थांबली. माझ्या खुर्चीच्या हातावर बसून राहिली, ताठ, मान वर. तिकडे त्या माणसाने रेनकोटची टोपी मागे सारली, चहा आणून देणारा हवालदार निघाला, त्याने सगळं आपलं लहानपण सांगितलं, मारामारी झाली, इमारतीला आग लागली, आणि नायक पावसात एकटा चालत निघाला. नावं वर सरकायला लागली तेव्हा मी वळलो. पट्टी बांधलेला चेहरा माझ्या शेजारी होता आणि तो समोर पाहत होता. पलंग रिकामा होता. पलंगापासून खुर्चीपर्यंत ती आंधळेपणी चालत आली होती, वाटेतला पाट उलटा झाला होता. किती वेळ ती तशी बसली होती ते मला माहीत नाही. साक्षीत मी दहा मिनिटं म्हणेन, पण ते वीसही असू शकतात.

मी ओरडलो. वाईट शब्द वापरले, तिला मूर्ख म्हटलं, पाच दिवसांची मेहनत मातीत घातली म्हटलं. ती उठली, चाचपत पलंगाकडे गेली आणि पुन्हा पालथी पडली. मी उशी सारखी केली. मग ती उशीतून म्हणाली, "तू बोलता बोलता गप झाला ना. मले वाटलं, तुले मागच्या सालसारखं झालं."

मी वाटेतला पाट सरळ केला. मग तिनेच विचारलं की कोण निघाला. मी म्हटलं, हवालदार. ती म्हणाली, मी म्हटलं नव्हतं? आणि तिचे खांदे पुन्हा हलले. उरलेले दिवस तिने डोकं उचललं नाही. मी चोवीस तास बडबडत होतो, वर्तमानपत्र वाचत होतो, भाज्यांची नावं घेत होतो, काही सुचलं नाही की जुन्या साक्षी सांगत होतो.

पाच-सहा आठवड्यांनी डोळ्यातला वायू विरला तेव्हा डॉक्टरांनी यंत्रावर फोटो काढला. छिद्र मिटलं नव्हतं. कधी कधी होतं असं, ते म्हणाले, पुन्हा करून पाहता येईल, पण फार आशा धरू नका. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं की डोकं पूर्ण वेळ खाली ठेवलं होतं ना. मी तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. "हव, पूर्ण टाइम." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी आयुष्यभर खोट्या साक्षी टाइप केल्या, साक्षीदार खोटं बोलतोय हे त्याच्या बोटांवरून ओळखायचो, पण इतक्या शांतपणे दिलेली खोटी साक्ष मी ऐकलेली नाही. मी ती खोडली नाही. तिच्या शेजारी बसून मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दहा-वीस मिनिटांनीच डोळा गेला असं डॉक्टर छातीठोक सांगू शकले नसते, हे मला कळतं. गेला नाही असंही सांगू शकले नसते.

पंडरीची जिन्याखालची जागा तिने दुसऱ्या एका बाईला दिली. घरी तिने बोटांनी चाचपून एक फॉल लावून पाहिला, तो खरोखर वाकडा आला, आणि या वेळी तिला तो सरळ वाटला. ती साडी परत आली. त्यानंतर तिने सुयांचा डबा माझ्या हातात दिला आणि वर ठेवून दे म्हणाली. सिनेमे मात्र सुटले नाहीत. जेवताना तेच सगळं चालू असतं, तोच पाऊस, तोच रेनकोट, तीच दाढी न केलेली माणसं, आणि मी तिला सांगत असतो. माझं मत बदललेलं नाही. निव्वळ भिकार माल आहे. पण खुनी कोण ते मी आता आधी सांगत नाही, आणि मध्ये थांबत नाही.

मागच्या आठवड्यात मी बाजारातून आलो. दार उघडंच होतं. ताई समोर खुर्चीत बसली होती, दाराकडे तोंड करून, आणि मी उंबऱ्यात उभा राहून चपला काढत होतो. तिचे हात खुर्चीवर घट्ट झाले. तिने विचारलं, "कोण?"

मी तिच्यापासून तीन पावलांवर होतो. मी म्हटलं, मी आहे. तिने श्वास सोडला आणि हसायचा प्रयत्न केला. म्हणाली, "आंग दिसते, हात दिसतेत, थैली दिसते. तोंडाच्या जागी काहीच नाही. तुया त्या रेनकोटवाल्यासारखे सगळे दिसतेत मले आता. तू बोलत बोलत येत जाय, बाबू. मंग समजते का तू हायेस म्हणून."

तेव्हापासून मी फाटकापासूनच बोलत येतो. मुनग्याच्या शेंगा मिळाल्या, ऊन फार आहे, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गर्दी होती, असं काहीही. शेजारी हसतात. त्या बुधवारी दुपारीही मला एवढंच करायचं होतं.